जळालेलं मशीन

भाऊजी इतके चिकट नसते, तर कर खात्यात कुणाला माझ्या नवऱ्याच्या बोटांची आठवण झाली नसती.

माझ्या या थोरल्या दिरांचा पत्र्याचे डबे करायचा कारखाना. शेडला आग लागली, तेव्हा झाकणं कापायचं मोठं प्रेस मशीन जळून खाक झालं, असं त्यांनी खात्याला सांगितलं. तोटा दाखवला, कर वाचवला, त्या वर्षाची आकारणी बिनबोभाट पार पडली. मशीन मात्र आगीच्या आदल्या दिवशीच आमच्या घरामागच्या गोदामात येऊन बसलं होतं. पुढच्या वर्षी त्याने माझ्या नवऱ्याच्या डाव्या हाताची चार बोटं खाल्ली. इस्पितळाचं बिल भाऊजींनी भरलं आणि तेवढ्यावरचाही कर सुटावा म्हणून धंद्याच्या खर्चात लावलं. कारण लिहिलं, प्रेस मशीनवर अपघात. जळून खाक झालेल्या मशीनवर!

खात्यात कुणीतरी दोन्ही वर्षं शेजारी ठेवून वाचली. महत्त्वाची गोष्ट दडवली म्हणून आगीच्या वर्षाची आकारणी पुन्हा उघडतोय, अशी नोटीस आली.

भाऊजींनी आम्हा दोघांना गोदामात बोलावलं आणि आतून कडी घातली.

"बारक्या, बोटं दारात सापडली. मशीन चुकून लिहिलं गेलं. काय सांगशील?"

"दादा, अरे खोटं कसं..."

कानाखाली अशी बसली की हे मशीनवरच आदळले. भाऊजींनी यांचा उजवा, धड हात मनगटात पकडला, साच्याखाली दाबला आणि पाय पेडलवर ठेवला.

"आता सांग. का हाही देऊ मशीनला?"

मी धावले. त्यांनी कोपर हाणलं. माझा ओठ फाटला, तोंड रक्ताने भरलं.

"सोडा त्यांना! सख्खा भाऊ आहे तुमचा!"

"दारात," हे ओरडले. "दारात सापडली, दादा!"

यांची पँट ओली झाली होती. त्या क्षणी भाऊजींचा जीव घ्यावासा वाटला मला, खोटं कशाला बोलू?

मग त्यांनी घण उचलला आणि मशीन फोडायला घेतलं. एक तुकडा उडून यांच्या कपाळात घुसला, तरी घण थांबला नाही. संध्याकाळी भंगारवाला सगळं भरून घेऊन गेला.

चौकशीला अधिकारी बाई घरी आल्या. भाऊजी यांच्या शेजारी बसले, खांद्यावर हात टाकून. बघणाऱ्याला वाटावं, काय माया!

"बोटं कशी गेली?" बाईंनी विचारलं.

"दारात सापडली."

"मशीनवर नाही? नक्की?"

यांनी जमिनीकडे बघत मान हलवली. बाईंनी लिहून घेतलं आणि सही करायला कागद यांच्यापुढे सरकवला. एकदा ती सही झाली की हे जन्मभर भाऊजींच्या मुठीत राहणार होते.

माझं डोकंच फिरलं. मी स्वयंपाकघरात गेले, आमच्याच कारखान्यातल्या साखरेच्या डब्याचं झाकण काढून आणलं आणि यांचा डावा हात उचलून टेबलावर पालथा ठेवला. बोटांच्या खुंटांपुढच्या अर्धगोल जागेत झाकण सरकवलं. तर्जनीपासून करंगळीपर्यंत कड तंतोतंत बसली.

"असं कुठलं दार कापतं, बाई? या मापाची झाकणं आमचं एकच मशीन कापायचं. आणि हा हात आगीच्या पुढच्या वर्षी कापलाय!"

भाऊजींनी माझे केस धरले आणि डोकं टेबलावर आपटलं. बाई किंचाळल्या. दुसऱ्यांदा आपटायला त्यांनी माझी मान वर ओढली, तेवढ्यात हे उठले.

बोटं नसलेल्या हाताची मूठ वळत नाही. हाताचं ते थोटूक यांनी भाऊजींच्या तोंडावर हाणलं. परत हाणलं. दात पडला तरी हाणत राहिले. शेवटी मीच यांना मागे ओढलं.

भाऊजी तोंड धरून खाली बसले. यांनी उजव्या हाताने तो कागद बाईंकडे परत सरकवला.

"लिहा, बाई," हे म्हणाले. "मशीन जळलंच नव्हतं."