वालाचं काम

"सरका, सरका! बाबा फुंकून राहिले!"

तेल्हाऱ्याहून अकोल्याला जाणारी मोटर पूर्णा नदीच्या चढावर मधोमध बंद पडली होती. उतारू खाली उतरले होते. आसपासच्या खेड्यांतली माणसं कापसाची वेचणी अर्धवट टाकून शेताच्या धुऱ्यावर, बांधावर, येऊन बसली होती. साहेबाच्या राज्यात वऱ्हाडाला मोटर आली तशी मोटरीचा महाराजही आला होता. त्याचं नाव फूकबाबा. पोट पुढे, दाढी त्याच्याही पुढे.

"ओम मोटराय नमः! चाकाय नमः! भोंग्याय नमः! हे पेट्रोलस्वामी, प्रसन्न व्हा!"

गावच्या गुरुजींना हे संस्कृत नाही हे चांगलं कळत होतं. पण हात त्यांचेही जोडलेलेच होते.

बाबा कडुलिंबाचा डहाळा तांब्यात बुडवून इंजिनावर तीर्थ शिंपडी. थेंब पडला की चर्र आवाज होई. "पाहा, फुसकारून राहिली! अजून राग गेला नाई!" असं म्हणून बाबा पुन्हा मोटराय नमःपासून सुरू करी. असा अर्धा तास गेला. शेवटी गाल फुगवून त्याने इंजिनावर फूक मारली, ड्रायव्हर खुशालरावाने हँडल फिरवलं आणि मोटर धडधडत सुरू झाली. मग काय विचारता! नारळांचा नुसता सडा पडला.

गर्दीच्या मागे, बाभळीला टेकून, सत्यभामा उभी होती. तिच्या दोन्ही हातांना चिंध्या गुंडाळलेल्या होत्या. मोटरीत बसायची तिला बंदी होती, आणि पुढच्या बाजाराच्या दिवशी तिला गाव सोडायचं होतं.

सत्यभामा माळ्याची. नवरा वारल्यावर नदीकाठचा मळा तिने एकटीने राखला. थंडीत तिच्या मळ्यात वालाच्या शेंगा अशा लागत की अकोल्याच्या जठारपेठेतल्या बाया तिची टोपली येण्याची वाट पाहत. नदीतला रपटा, म्हणजे बुटका दगडी पूल, ओलांडून मोटर थांबली की ती टोपली घेऊन चढे. तिथूनच चढ सुरू होई.

तीन आठवड्यांपूर्वी ती चढली आणि मोटर चढावर पहिल्यांदा बंद पडली. खुशालरावाने झाकण उघडून आत पाहिलं, कपाळाला हात लावला आणि म्हणाला, "हे सारं वालाचं काम हाय."

बस्स! पंचवीस माणसांनी एकदम मान वळवली ती सत्यभामेच्या टोपलीकडे. टोपलीत हिरवेगार वाल होते.

फूकबाबाची झोपडी चढावरच होती. एरवी तो गुराढोरांना अंगारा लावी. त्या दिवशी त्याचं नशीब उघडलं. "म्या सांगतो! या बाईच्या वालानं मोटरीचा दम कोंडला! इंजिन जिवंत हाय, श्वास घेते. हिनं श्वास बांधला!" खुशालराव काहीतरी बोलायला गेला. बाबाने त्याच्या हातात नारळ दिला. तो गप्प बसला.

दुसऱ्या खेपेला ती चढली आणि पुन्हा तेच. टोपली नदीत फेकली गेली. तिसऱ्या खेपेला तिला मोटरीत घेतलंच नाही, ती पायी चालली, तरीही मोटर बंद पडली. आता तरी कोणाच्या डोक्यात उजेड पडावा? छे! "नजर लावली तिनं मागून," बाबा म्हणाला आणि सगळ्यांनी माना डोलावल्या.

मग बाबाने दिव्य सांगितलं. "इंजिनावर दोनी हात ठेवायचे. निर्दोष असंल तर जळणार नाई. पाप असंल तर जळन."

मोटर आत्ताच बंद पडलेली होती. सत्यभामा मागे सरकली तेव्हा तिची मनगटं धरली ती माणिकबाईने. माणिकबाई तिची शेजारीण. तिच्या दोन्ही बाळंतपणांत सत्यभामेनेच तिला शेकलं होतं. तिने ते हात तापलेल्या लोखंडावर दाबले आणि बाबाचं स्तोत्र संपेपर्यंत सोडले नाहीत. कातडीचा वास आला तेव्हा लोक "जय" म्हणाले.

"जळले! पापीण हाय!" बाबा ओरडला. पुढच्या बाजारापर्यंत गाव सोडायचं, नाहीतर पुन्हा हात ठेवायचे, असा त्याने निकाल दिला.

सत्यभामेचा थोरला भाऊ पुंजाराम बडनेऱ्याला मोटरी दुरुस्त करी. निरोप मिळताच तो आला. बहिणीचे हात पाहिले आणि ओसरीवर बसून ओक्साबोक्शी रडला. मग डोळे पुसून म्हणाला, "सांग, काय काय पाह्यलं तू?"

"दादा, तो पाणी शिंपडते ना, ते चर्र वाजते तोवर मंत्र म्हणते. वाजणं थांबलं की फूक मारते. मी तवा तापला का पाह्यासाठी असंच पाणी टाकतो. मले वाटते तो देवाले नाई, इंजिन थंडं व्हायची वाट पाह्यते."

पुंजारामाने मांडीवर थाप मारली. "अवं, तू त अर्धं काम केलं. आता टोपली भर वालाची. उद्या आपण दोघं चढावर जाऊ."

दुसऱ्या दिवशी मोटर नेहमीच्या जागी बंद पडली. बाबा तांब्या घेऊन उठला तसा पुंजाराम आडवा आला.

"महाराज, आज अर्धा तास गप बसा. मंत्र नाई, तीर्थ नाई, फूक नाई."

"कोन बे तू? भस्म होशीन!"

"होईन तवा पाहू. मंडळी, अर्ध्या तासानं मोटर नुसत्या हँडलानं नाई चालू झाली तर मी माहे दोनी हात इंजिनावर ठेवतो."

हे मात्र लोकांना पटलं. हात कोणाचेही असोत, जळताना पाहायला मिळाले म्हणजे झालं. सगळे नीट सावरून बसले.

पुंजारामाने इंजिनाच्या बाजूचं झाकण काढलं आणि गुरुजींना जवळ बोलावलं. "पाहा गुरुजी. इंजिनात चार नळकांडी. एकेका नळकांड्याले दोन झडपा. एकीतून पेट्रोलची वाफ आत येते, दुसरीतून धूर बाहेर जाते. वाफ दाबून तिले ठिणगी लावताना दोनी झडपा गच्च बंद पाह्यजे, तवाच जोर येते. झाकणाखाली चमचा अडकला तर वाफ निसटते ना? तसंच. झडपेच्या दांडीखाली हा ठोकळा तिले वर ढकलते. दांडी आन् ठोकळा, यायच्यात कागदाएवढी फट पाह्यजे. कावून? लोखंड तापलं की वाढते."

त्याने वर्तमानपत्राच्या कागदाची पट्टी फाडून गुरुजींच्या हातात दिली. हँडल फिरवून एकेक झडप बंदच्या जागी आणली आणि पट्टी घालायला लावली. बाकी सगळीकडे ती सरकली. दोन ठिकाणी काही केल्या शिरेना.

"फट बुजली. तापून दांडी लांब झाली, खाली टेकली, झडप उघडी राह्यली. चारातली दोन नळकांडी मेली. सपाटीवर कशीबशी चालते, चढावर बसते."

मग सगळे थांबले. वालाची टोपली पुंजारामाने मुद्दाम इंजिनाच्या नाकासमोर ठेवली आणि सत्यभामेला तिच्याशेजारी बसवलं. बाबा दात खात होता. अर्ध्या तासाने गुरुजींनी पट्टी पुन्हा घातली. ती अलगद आत गेली. खुशालरावाने हँडल मारलं. फूक नाही, नारळ नाही, आणि मोटर सुरू!

पुंजाराम ड्रायव्हरकडे वळला. "खुशालराव, या झडपेले मिस्त्री लोक काय म्हणते?"

खुशालराव खाली मान घालून पुटपुटला, "वाल."

"मोठ्यानं बोला."

"वाल म्हणते. म्या इंजिनातला वाल म्हणलं होतं. शेंगा नाई."

"मग माह्या बहिणीचे हात जळत होते तवा कावून नाई बोलले?"

"मले कोणी इचारलंच नाई." मग बाबाकडे बोट करून तो म्हणाला, "आन् बाबाले सारं ठाऊक हाय. तो अमरावतीले मोटरीवर क्लीनर होता."

लोकांच्या श्रद्धेला उलटी फिरायला किती वेळ लागावा? हँडल मारण्याएवढाही लागला नाही. पुंजारामाने पान्याने दोन्ही फटी नीट केल्या, खुशालरावाने मोटर दोनदा खाली नेऊन दोनदा चढवली, ती कुठेही अडली नाही. इंजिन पुन्हा तापलं आणि गर्दीने बाबाला ओढत आणलं. त्याचं मनगट सगळ्यांत आधी धरलं ते माणिकबाईने.

"ठिव हात! निर्दोष असशीन तर जळणार नाई!"

हात लोखंडापासून वीतभर राहिला तसा बाबा गुरासारखा हंबरला, "नका बाप्पा! तापलेलं लोखंड हाय! कोणाचाई हात जळते!"

"थांबा," सत्यभामा म्हणाली.

ती पुढे आली. तिने त्याच्या डोळ्यांत पाहिलं. "पुन्हा बोल."

"कोणाचाई हात जळते, माय."

"पापी असो का पुण्यवान?"

"कोणाचाई. कोणाचाई!"

"पुन्हा."

त्याला तिने सात वेळा बोलायला लावलं. सातव्या वेळी तो रडत होता. तिला दया आली असं कोणी म्हणेल तर ते खोटं आहे. तिला फक्त ते वाक्य सगळ्यांच्या कानांत नीट घालायचं होतं. मग ती म्हणाली, "सोडा आता याले. पोलिसात द्या. अजून दोन हात जाळून माहे बोटं सरळ होणार नाईत."

बोटं खरंच सरळ झाली नाहीत. त्यानंतर तिला कधी विळा धरता आला नाही, शेंगाही दुसऱ्याकडून तोडून घ्याव्या लागल्या.

पुढच्या बाजाराला ती मोटरीत चढली तेव्हा माणिकबाईने पदराने जागा पुसली. "बैस वं, सत्यभामा. आमी अडाणी. आमाले काय समजते इंजिनातलं?"

सत्यभामेने टोपली पायाशी ठेवली. मग आपले आखडलेले तळहात तिच्यापुढे धरले. "इंजिन राहू दे, माणिकबाई. तू रोज भाकऱ्या करतं. तापलेल्या तव्यानं कधी पाप-पुण्य पाह्यलं का, एवढं त इचारायचं होतं."

माणिकबाईने खिडकीकडे तोंड फिरवलं. मोटर चढ चढून गेली आणि अकोल्यापर्यंत कुठे थांबली नाही.