कान न लावलेलं पत्र

आमच्या ऑफिसात एक पद्धत आहे. पत्र असो, मेल असो, नाहीतर पाण्याची टाकी धुणार असल्याची सूचना असो, बाहेर जायच्या आधी तिला कान लावायचा. आमची संस्था दृष्टिहीनांसाठी पुस्तकं वाचून रेकॉर्ड करते. तेव्हा आपण लिहिलेलं ऐकायला कसं लागतं हे आधी आपल्याला कळायला हवं, असा त्यामागचा विचार. हे काम एकाच माणसाचं. त्यांना सगळे कानसेन म्हणतात, मी काका म्हणते. त्यांना जन्मापासून दिसत नाही. रेकॉर्डिंगच्या खोलीत बसून ते वाचणाऱ्यांच्या चुका काढतात आणि चुकांबरोबर सालंही काढतात. एका निवृत्त प्राध्यापिकेला त्यांनी ऐकवलं होतं की बाई, तुम्ही स्वल्पविरामाला एवढं थांबता की ऐकणारा चहा करून येईल. बाई रागावून गेल्या आणि पुढच्या आठवड्यात परत आल्या. तेव्हापासून त्या धावत वाचतात, आणि काका त्यांना दम लागल्याबद्दल बोलतात.

मी तिथे संपर्काचं काम बघते. देणगीदारांना पत्रं, श्रोत्यांना महिन्याचं वार्तापत्र, नव्या पुस्तकांची खबर. माझी लेक ठमी झाल्यावर अर्ध्या दिवसाची नोकरी म्हणून लागले. तो अर्धा दिवस कधी अर्धा राहिला नाही. पाळणाघर बंद व्हायच्या वेळी मी नेहमी कुठल्यातरी जिन्यावर धावत असते, आणि घरी पोचल्यावर ऑफिसचं काही राहिलं का याचा विचार करत असते. दोन्हीकडे अर्धीच.

अशात मॅडमनी, म्हणजे आमच्या संचालकांनी, सांगितलं की एकेकाला हाताने मेल पाठवणं आता पुरे. पत्रं आपोआप पाठवणारं, कुणी उघडलं कुणी नाही ते लक्षात ठेवणारं, देणगी आली की आभार मानणारं एखादं सॉफ्टवेअर घेऊ. तू बघ, तुलना कर, एक ठरवून समितीपुढे मांड.

मी तीन कंपन्यांना बोलावलं. पहिलीचं सॉफ्टवेअर दणकट पण रुक्ष होतं, दवाखान्याच्या व्हरांड्यासारखं, आणि फक्त ऑफिसच्या कॉम्प्युटरवर चालणारं. तिसरीचं म्हणजे नाकापेक्षा मोती जड. दुसरीचा मात्र हसरा तरुण खुर्चीवरही बसला नाही. उभ्या उभ्या, एका अंगठ्याने, त्याने मोबाइलवर एक सुंदर पत्र तयार करून दाखवलं. चित्र इकडून तिकडे सरकवलं, बटणाला रंग दिला, झालं. तो जे दाखवत नव्हता तेही मला दिसायला लागलं होतं. खांद्यावर झोपलेली ठमी, आणि मोकळ्या हाताने निघालेलं पत्र.

तरी मी विचारलं. आमचे श्रोते फोनवरचं वाचून दाखवणारा आवाज वापरतात, त्या आवाजाला हे कळतं का?

"येतंय मॅडम ते," तो म्हणाला. "लवकरच."

लवकरच म्हणजे काय ते मला नीट माहीत आहे. बागेत कधी जायचं असं ठमीने विचारलं की मी तिला तेच सांगते.

निवड करायच्या आधी कान लावायचा होताच. काकांनी त्यासाठी दुपार मोकळी ठेवली होती. "पोरगं दिसायला देखणं आहे म्हणे," ते म्हणाले. "बोलतं का ते बघू." त्यांच्या फोनमधल्या आवाजाला त्यांनी बडबड्या असं नाव ठेवलंय. बडबड्यासमोर तिघांनाही उभं करू, म्हणाले.

त्या दुपारी पाळणाघरातून फोन आला. ठमीला ताप. मी पर्स उचलली आणि निघाले. वाटेत रेकॉर्डिंगच्या खोलीचं दार लागतं, त्याला काच आहे. काका कानाला हेडफोन लावून बसले होते, मान किंचित कलती. दार ढकलून सांगायला कितीसा वेळ लागला असता? ताप आहे, उद्या बसू. एवढंच. मी काचेतून त्यांच्याकडे बघितलं आणि पुढे गेले. ठमीची काळजी होती हे खरं. पण त्या काळजीखाली कुठेतरी सुटल्यासारखंही वाटलं होतं. आपल्या मुलीच्या तापाने आई सुटते, हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी समिती बसली. ठमीजवळ तिचा बाबा रजा टाकून थांबला होता. मी दुसऱ्या कंपनीचं सॉफ्टवेअर मांडलं, गुण सांगितले, चित्रं दाखवली. सगळे खूश झाले. मॅडमनी कागद आवरता आवरता विचारलं, "कान लावला ना?" घरातून निघताना गॅस बंद केला ना विचारतात तसं.

मी हो म्हटलं.

दुपारी काकांनीच विषय काढला. आपलं ऐकायचं राहिलं की, म्हणाले. मी तापाचं आणि समितीच्या घाईचं सांगितलं, पुढच्या आठवड्यात नक्की बसू असं कबूल केलं. मग ठमी कशी आहे, एवढंच त्यांनी विचारलं.

पुढच्या आठवड्यात आम्ही बसलो नाही. खाई त्याला खवखवे. मी त्यांच्या खोलीसमोरून जाताना पावलं हलकी टाकायला लागले, आणि मग लक्षात आलं की ते चालण्यावरून माणूस ओळखतात. हलक्या पावलांवरून तर जास्तच.

नव्या सॉफ्टवेअरमधून जाणारं पहिलं पत्र निवडीचं होतं. पुढचं पुस्तक कुठलं रेकॉर्ड करायचं ते आमचे श्रोते दरवर्षी मत देऊन ठरवतात. वर्षभर वाट बघतात त्याची, आपसात भांडतात. आता मोबाइलवर होत असल्याने मी ते पत्र घरूनच केलं, ठमी दुपारची झोपलेली असताना. पुस्तकांची मुखपृष्ठं ओळीने लावली, नावंही त्या चित्रांतच सुरेख अक्षरांत बसवली, प्रत्येकाखाली मत द्यायला लाल बदामाचं बटण. नवऱ्याला फोटो पाठवला, तो म्हणाला झकास. कान लावायला ऑफिसात जावं लागलं असतं. आणि काकांना ऐकवलं असतं, तर माझा आधीचा होकारही त्यांना त्यात ऐकू आला असता. ठमीने कूस बदलली. मी पत्र पाठवून दिलं.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात पोचले तेव्हा फोन वाजतच होता. एक म्हातारे गृहस्थ, आमचे जुने श्रोते. "मुली, तुमचं पत्र आलं," ते म्हणाले. "चित्र, चित्र, बटण, चित्र, बटण, एवढंच ऐकू आलं बघ. खाली एक शब्दांचं होतं काहीतरी, ते दाबलं मी. तर आता आवाज म्हणतो, तुमचं नाव काढलं. माझं काही चुकलं का?"

मी पत्र उघडून तळाशी गेले. अख्ख्या पत्रात शब्दांत लिहिलेलं बटण एकच होतं, आणि ते कंपनीने आपलं आपण घातलेलं होतं. 'मला पत्रं नकोत.' आमच्या श्रोत्यांनी पत्रभर चाचपडून, जे एकमेव कळलं ते दाबलं होतं. फोन दिवसभर येत राहिले. रागावलेले थोडे. बहुतेक जण आपलंच काही चुकलं का विचारत होते.

मॅडमनी मला आणि काकांना खोलीत बोलावलं. त्या आवाज चढवत नाहीत, चष्मा काढून टेबलावर ठेवतात. त्यांनी चष्मा ठेवला.

"तुम्ही ऐकलं होतंत ना हे?" त्यांनी काकांना विचारलं. "ही म्हणाली होती, कान लावलाय."

मी काकांच्या शेजारी उभी होते. त्यांनी चेहरा माझ्या बाजूला वळवला. माझा श्वास त्यांना ऐकू येत असणार.

"निसटलं असेल," ते म्हणाले. "कानांचंही वय होतं."

मॅडमनी चष्मा परत घातला. मग जरा नरमाईने म्हणाल्या की सॉफ्टवेअरमध्ये आपोआप तपासणीचं एक बटण पुढच्या महिन्यात येतंय म्हणे, उद्या समितीपुढे तेच ठेवते. यापुढे तेवढं पुरे. तुमच्या डोक्यावरचा भारही कमी होईल.

काका बरं म्हणाले आणि भिंतीला बोटं टेकवत बाहेर गेले. एरवी ते या ऑफिसात भिंतीला हात लावत नाहीत.

मी मागोमाग गेले. असं का म्हणालात काका, विचारलं. ठमीच्या तापामुळे माझ्यावर दया आली का?

"ठमीचा काय संबंध?" ते म्हणाले. त्यांचा आवाज मी इतका कोरडा कधी ऐकला नव्हता. "निसटलं म्हटलं की माणूस चुकला एवढंच होतं. चुकतात माणसं. मला विचारलंच नाही म्हटलं असतं, तर मला न विचारता इथलं चालतं हे सगळ्यांना कळलं असतं. ते तुला कळलंय, मला कळलंय. दोघं पुरे."

मग हेडफोन कानाला लावून त्यांनी मला घालवून दिलं.

ठमीला घ्यायला गेले तेव्हा ती दारातच बूट घालून उभी होती. उशीर झाला म्हणून पाळणाघराच्या काकू काही बोलल्या असतील, मला ऐकू आलं नाही. रस्ताभर एकच गणित मांडत होते आणि ते सुटत नव्हतं. गप्प बसले तर उद्यापासून त्यांची जागा एक बटण घेणार, तेही माझ्याच पापाने. बोलले तर त्यांनी जे झाकलं तेच मी चारचौघांत उघडं करणार. शिवाय नोकरी माझी. ती तिसरी आठवली याचीही लाज वाटली, पण आठवली. ठमी मध्येच थांबून म्हणाली, आई, माझं बोट दुखतंय. मी तिचं बोट केव्हाचं गच्च आवळून धरलं होतं.

समितीत मॅडमनी आपोआप तपासणीचा विषय काढला तेव्हा मी उभी राहिले. उभं राहायची काही पद्धत नाही तिथे, सगळे बसूनच बोलतात.

"कान लावला नव्हता," मी म्हणाले. "मी खोटं सांगितलं. काकांना ते कुणी ऐकवलंच नाही."

कुणीतरी खुर्ची सरकवली. मॅडमनी विचारलं, मग ते निसटलं का म्हणाले?

उत्तर मला माहीत होतं, पण ते माझं नव्हतं. "ते त्यांना विचारा," मी म्हणाले.

मॅडमनी माणूस पाठवून काकांना बोलावून घेतलं. मी बाहेर थांबले. आत काय बोलणं झालं ते मला कुणी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. निर्णय तेवढे कळले. तपासणीचं बटण आलं तरी कान लावल्याशिवाय काही जायचं नाही. सॉफ्टवेअरचा करार वर्षाचा आहे, तो मोडता येत नाही, तेव्हा त्यातून साधी, शब्दांची पत्रंच जातील. गळालेल्या प्रत्येक श्रोत्याला मी स्वतः फोन करायचा. आणि घरून काम बंद. उंटावरून शेळ्या हाकणं आता नको, असं मॅडम म्हणाल्या. नोकरी राहिली. ठमी पाळणाघरात आणखी उशिरापर्यंत थांबेल.

मी रेकॉर्डिंगच्या खोलीचं दार ढकललं. काकांनी मान वळवली नाही.

"आलीस मोकळी होऊन?" ते म्हणाले. "बरं वाटलं असेल. मला आता प्रत्येक जण येता जाता सांगतोय, तुम्हाला विचारायला हवं होतं. सकाळपासून तेच. दिव्याखाली अंधार म्हणे. अरे, इथे दिवा आहे कुठे?"

मी माझा फोन त्यांच्यासमोर ठेवला, पडदा काळा केला, वाचून दाखवणारा आवाज चालू केला. ते पत्र उघडलेलंच होतं.

"मला काय ऐकवतेस?" ते म्हणाले. "मी ऐकलंय. श्रोता म्हणून मलाही आलं होतं, सगळ्यांच्या आधी ऐकलंय. तू ऐक."

त्यांनी हेडफोन माझ्याकडे सरकवला. मी डोळे मिटले आणि बोट फिरवलं. चित्र. बटण. चित्र. चित्र. बटण. मी हेच पत्र इतक्या मायेने केलं होतं, कुठलं पुस्तक कुठे ठेवलंय ते मला पाठ होतं, आणि तरी मी कुठे आहे ते मला कळेना. बोट वर जातंय की खाली तेही. आणि मग एकदम, स्वच्छ शब्दांत, मला पत्रं नकोत. इतकं हायसं वाटलं की बोट आपोआप खाली आलं.

काकांनी माझं मनगट धरलं.

"तिथेच दाबतात सगळे," ते म्हणाले. "आता परत वरून."