कलाजंगाची तोड

अजमल मुलाणीनं राजसच्या मानेवर पंजा टाकला आणि म्हणाला, ‘‘आता शिरा बगलंत.’’

राजस वाकला. सांगलीतल्या त्या तिसऱ्या मजल्यावरच्या ऑफिसात संगणकांपुढे बसलेली सात-आठ माणसं खुर्च्या वळवून बघत होती. राजस त्यांचा मालक; त्याचा चष्मा नाकावरून घसरला. अजमलनं पाय मागं घेतले, छातीचा भार खाली सोडला, आणि राजस त्याच्या गुडघ्यांपाशीच अडकून राहिला. ना पुढं, ना मागं.

‘‘घेतला का मला खांद्यावर? न्हाई न्हवं? ह्यी कलाजंगाची तोड. दोन दिसांत कुणालाबी येती. ह्यी शिकवा की तुमच्या लोकास्नी. डावच कशापायी मारून टाकताय?’’

त्यानं राजसला हाताला धरून उठवलं. कोपऱ्यात उभी असलेली मिस्बाह, त्याच्या बहिणीची मुलगी, खाली बघत होती.

तिच्यामुळंच तो या भानगडीत पडला होता. राजसची कंपनी फोनवर खेळायचा कुस्तीचा गेम बनवत होती. गेम पुरा झालेला नव्हता, तरी लोकांना खेळायला सोडला होता. लोकांनी खेळायचं, काय चुकतंय ते लिहायचं, आणि कंपनीनं त्याप्रमाणं दुरुस्ती करायची. लोकांचं सगळं लिहिणं वाचून दर शुक्रवारी त्याची यादी करायची, हे मिस्बाहचं काम. खऱ्या पैलवानाची हालचाल हवी म्हटल्यावर तिनं मामूचं नाव सुचवलं होतं.

मामू म्हणजे पलूसच्या द्राक्षांच्या कोल्ड स्टोरेजचा वॉचमन. सव्वीस वर्षं गेटवर. त्याआधी एकदा, कुंडलच्या मैदानात, त्यानं आपल्याहून दीडपट वजनाच्या पैलवानाच्या बगलेत शिरून, मांडीत हात घालून, त्याला खांद्यावर घेऊन, म्हणजे याच कलाजंगावर, पाठीवर टाकला होता. दुसऱ्याच मिनिटाला. पुढच्या वर्षी कोरेगावात डावा गुडघा गेला आणि कुस्ती संपली. कुंडलच्या त्या कुस्तीचा फोटो कुणी काढला नव्हता. बघितलेली माणसंही आता एकेक करून कमी होत चालली होती.

रेकॉर्डिंगला अंगाला हालचाल टिपणारे काळे पट्टे बांधून, गुडघ्याला गरम पट्टी लावून अजमलनं तीन दिवसांत शिवतेज नावाच्या तरण्या पैलवानाला एक्केचाळीस वेळा कलाजंगावर टाकला. मग फोनवर तांबड्या मातीत एक माणूस उभा राहिला. दाट मिशा, रुंद मान. खाली नाव होतं, ‘कुंडलचा अजमल’. अजमलनं ते बघितलं आणि बराच वेळ फोन कुणाच्या हातात दिला नाही.

पहिले पंधरा दिवस मिस्बाह रविवारी फोन करून त्याला लोकांचं कौतुक वाचून दाखवायची. मग सूर बदलला. अजमल निवडला की दहा सेकंदांत खेळ संपतो. या म्हाताऱ्याला कमी करा. ही कुस्ती नाही, फसवणूक आहे. अजमलला आधी त्याचं हसू आलं. डाव लागला की दहा सेकंदांतच संपायची, व्हय, तो म्हणाला. पण एका सोमवारी गेममध्ये बदल आला. मातीतला अजमल बगलेत शिरायला वाकला आणि तिथंच थबकला. समोरच्यानं उभं राहून त्याची वाट बघावी, इतका वेळ. मग त्यालाच कुणीतरी उचलून टाकला. चपला शोधतोय का काय खाली, असं अजमल पुटपुटला. त्यानं रजा टाकली आणि सांगलीची एसटी धरली.

राजस वाईट माणूस नव्हता. त्यानं चष्मा पुसला, अजमलला खुर्ची दिली.

‘‘काका, तुमचं शंभर टक्के बरोबर आहे. पण तोड शिकायला दोन दिवस लागतात. आमचा खेळणारा हरला, की दोन मिनिटं थांबतो. शंभरातले साठ परत येतच नाहीत.’’

‘‘मग हरायचं कुणी?’’ अजमलनं विचारलं.

चहा आला, तो पिऊन अजमल निघाला.

लोकांचं ऐकतात ना, मग आपणही गेमखाली लिहू, असं त्यानं ठरवलं. गेटवरच्या खोलीत बसून एका बोटानं लिहायला अख्खी दुपार लागली. मी अजमल मुलाणी, कुंडल. हा डाव माझा आहे. त्याला तोड आहे. मानेवर वजन द्या, पाय मागे घ्या. आधी हरावं लागतं, मग येतं.

खाली हसरी तोंडं पडली. खरा असशील तर फोटो टाक, असं एकानं लिहिलं. पैलवानकीचा फोटो नव्हताच. अजमलनं गणवेशाची टोपी नीट केली आणि गेटपाशी उभं राहून काढलेला फोटो टाकला. थोड्या वेळानं कुणीतरी लिहिलं, वॉचमन भारी आहे, यालाही गेममध्ये घ्या. ते पुष्कळांना आवडलं.

शुक्रवारी मिस्बाहनं यादी केली. डाव कमी केला ते योग्य म्हणणारे अकराशे ऐंशी. विरोधात एक. ‘एक’ लिहिल्यावर ती थोडी थांबली, पण त्या रकान्यात आकड्याशिवाय दुसरं काही लिहायला जागा नव्हती.

संथ झालेला अजमल मग कुणी निवडेना. महिन्याभरानं कंपनीनं ठरवलं, की ज्याला कुणी घेतच नाही तो ठेवायचा कशाला. फोनवर सांगण्यापेक्षा मिस्बाह पलूसला आली. अजमलनं तिला खुर्ची दिली, चहा दिला, स्वतः कट्ट्यावर बसला.

‘‘मामू, सोमवारच्या बदलात तुम्ही नाही.’’

अजमलनं मान हलवली. पुढ्यातल्या रस्त्यावरून क्रेट भरलेला टेम्पो गेला, तो दिसेनासा होईपर्यंत बघत राहिला.

‘‘शिवतेजला टाकला त्ये एक्केचाळीस बार? त्ये कुठं हाय?’’

‘‘कंपनीच्या संगणकावर. जागा लागली की पुसतील.’’

‘‘एक तरी मला मिळंल का?’’

‘‘विचारलं मी. नाही म्हणाले. सगळं कंपनीचं, असं लिहून दिलंय आपण. सही केलीय.’’

‘‘व्हय. केली हाय.’’ मग त्यानं विचारलं, ‘‘ती यादी तूच करतीस न्हवं?’’

मिस्बाहचे डोळे भरले. तिनं मान हलवली.

‘‘काम हाय त्ये. करावंच लागतंय,’’ तो म्हणाला आणि तिचा चहा थंड होतोय म्हणून कप तिच्याकडं सरकवला.

सोमवारी अजमलनं नवा बदल फोनवर घेतलाच नाही. जुना गेम उघडला. बाकीचे सगळे नव्या गेमात गेले होते, पण यातला अजमल तसाच होता. तांबड्या मातीत, एक हात वर करून, कुणी लढायला येतंय का म्हणून गोल फिरत होता. खाली अक्षरं होती, ‘जोड शोधत आहे’. गावच्या मैदानात असा पैलवान दोन फेऱ्या मारतो. कुणी उठलं नाही तर पंच त्याच्या पाठीवर हात ठेवून त्याला खाली बसवतात.

बाहेर ट्रकनं हॉर्न दिला. अजमलनं फोन तसाच चालू स्टुलावर ठेवला आणि गेट उघडायला गेला.