पाण्यात गेलेली सनई

पळसदेवच्या केशवची म्हैस सनई ऐकल्याशिवाय दूध देत नाही. रेडकू दगावलं तेव्हापासूनची ही सवय. म्हणून केशवनं घरातल्या साउंड सिस्टीमचा एक स्पीकर खाली गोठ्यात नेऊन टांगला. गोठा म्हणजे धरणाचं पाणी ओसरलं की उघड्या पडणाऱ्या गाळाच्या जमिनीवर घातलेलं छप्पर. घरापासून सव्वाचारशे फूट, मधे पाण्याची एक पट्टी, वाट तिला वळसा घालून. एवढी वायर विकत कोण घेतो? केशवनं मोडलेल्या द्राक्षबागेच्या मांडवाच्या दोन तारा बांबूंवरून ओढल्या.

बारामतीत मी चाळीस वर्षं रेडिओ-टेप दुरुस्त केले, त्यामुळे परवा फोन मलाच आला.

"तात्या, सिस्टीम मुकी झालीया. सकाळची धार झाली न्हाय."

दुपारी पोचलो, तर केशवची आई, यशोदावहिनी, म्हशीची कास गरम पाण्यानं शेकत होती.

"भावजी, कास दगड झालीया. सांजंला पान्हा सुटला न्हाय तर सड कामातनं जात्याल."

"इंजेक्शन देऊ म्हणलं तर आय ऐकत न्हाय," केशव म्हणाला.

"तुला दे जा टोचून."

मी घरात जाऊन सिस्टीमपुढं बसलो. दिवे लागलेले, काटे नाचतायत. आवाजाचं बटण, फ्यूज, पेन ड्राइव्ह, सगळं ठीक. घरातला दुसरा स्पीकर जोडला तर सनई खणखणीत. मग गोठ्याची तार परत सिस्टीमला लावली आणि खाली येऊन गोठ्यातल्या स्पीकरला नुसता घड्याळाचा सेल टेकवला, तो टक् करून बोलला. म्हणजे मशिन चांगलं, स्पीकरही चांगला.

"मग आवाज जातोय कुठं?" केशवनं विचारलं.

"वाटंत हाय. चल, गाठू."

घरात सनई चालूच ठेवून आम्ही गोठ्यापासून तारेच्या कडेकडेनं निघालो. पाण्यापाशी आलो तर मधला बांबू आडवा, दोन्ही तारा तुटलेल्या आणि त्यांची टोकं पाण्यात. मी पक्कड काढली आणि तशीच हातात राहिली.

पाणी हलत नव्हतं. वारा होता, ऊस सळसळत होता, पण पाण्यावर सुरकुती म्हणून नाही. धरणात बुडालेल्या जुन्या देवळाचं शिखर पुरुषभर वर आलेलं, आणि सनई तिथून येत होती. स्पीकरमधून येते तशी नव्हे. दगडाच्या पोटातून, थंड होऊन. रोहित पक्षी, मी मोजले, अकराशे बावीस, एका पायावर तिकडं तोंड करून उभे. मासे तोंडं वर काढून थांबलेले. एक मरळ तर माझ्या पायाशी होता. मी त्याला हात लावला, त्यानं वळूनही पाहिलं नाही.

केशवनं पायातल्या चपला काढल्या. मीही काढल्या.

किती वेळ गेला कोण जाणे. मागून हंबरणं आलं. म्हैस दावं तोडून निघाली होती आणि वहिनी बादली घेऊन तिच्या मागं पळत होत्या. आम्हाला ओलांडून ती सरळ पाण्यात शिरली, गुडघाभर, आणि कान टवकारून थांबली.

"भावजी, शॉक बसंल का वो?"

"ती गाण्याची तार हाय, वहिनी. लाईटीची न्हाय."

वहिनींनी लुगडं खोचलं आणि पाण्यात जाऊन म्हशीच्या कुशीला डोकं टेकलं. दोन्ही हातांनी कास चोळली. काही नाही. पुन्हा चोळली. वरून सनई एक सूर धरून थांबली होती, आणि म्हशीच्या अंगातून एक लांब थरथर गेली.

"सुटला," वहिनी हळूच म्हणाल्या.

पहिली धार त्यांनी शिखराच्या दिशेनं सोडली. दुसरी बादलीत वाजली. मग चारही सड वाहायला लागले. बादली भरली, केशव दुसरी आणायला पळाला, तीही भरली.

"तात्या, तार जोडायची न्हवं?" केशवनं कुजबुजत विचारलं.

उत्तर वहिनींनी दिलं, मान न वळवता. "गप ऱ्हा. कास मऊ पडतीया."