गिरकीतली जादा मात्रा

...टक्. बटण पुन्हा वाजलं. बाबांच्या डाव्या बाहीचं, एकाच दोऱ्यावर लोंबकळणारं. मनगट जरा सैल पडलं की ते व्हायोलिनच्या लाकडावर आपटायचं—आणि तोवर तिची, समोर गिटार घेऊन बसलेल्या लेकीची, कॉर्ड पडूनही गेलेली असायची. घाई तिचीच, असं बाबांच्या भुवईनं सांगितलं. तोंडानं म्हणून बोलणार नाहीत, शहाणे कुठले!

येत्या शनिवारी गावच्या हॉलमध्ये नाच होता, बाबा वर्षानुवर्षं ज्याला वाजवत आले तो. मागच्या वेळी बाबांची बोटं आखडली, दोन-तीन सूर सुटले, आणि मधेच पाणी प्यायला म्हणून उठलेले बाबा परत आलेच नाहीत. आता त्यांची अट होती—माझ्या सुरांखाली तुझी गिटार असेल तर वाजवीन, नाहीतर लावू देत त्यांना स्पीकर. ती सहज हो म्हणाली होती. रोज स्टुडिओत लोकांच्या गाण्यांना कॉर्ड लावते मी, बाबांच्या नाचाच्या चाली म्हणजे डाव्या हातचा मळ!

कसला मळ आणि कसलं काय. पहिल्याच चालीत, गिरकीच्या, घोडं अडलं. बाबांचा गंधार ना शुद्ध ना कोमल, मधेच कुठेतरी मजेत बसलेला. मेजर लावली की बाबाच बेसूर वाटत, मायनर लावली की चाल रडवेली होई, आणि यावर कोण नाचणार, कपाळ? शेवटी तिनं कॉर्डमधला तो सूरच काढून टाकला, वरचे-खालचे तेवढे ठेवले, तेव्हा कुठे चाल ऐसपैस पाय पसरून बसली. बाबा हसले. त्या हसण्यासाठी आपण अजून काय काय करू, हे तिचं तिलाच कळेना.

पण ही मात्रा... दुसऱ्या भागात, गिरकी संपते तिथं, एक मात्रा जास्त होती. का बाबाच आता थांबत होते—बोटांमुळे, वयामुळे? लहानपणी ती हॉलच्या कोपऱ्यात कोटांच्या ढिगावर आडवी पडून नाच बघायची, तिथून फक्त पाय दिसायचे, आईचे तपकिरी बूट गर्रकन फिरायचे आणि... थांबायचे? की थांबले असं मला आता वाटतंय, कारण तसं वाटलं तर बाबा म्हातारे झालेले नसतील?

"बाबा," ती शक्य तितक्या हलक्या आवाजात म्हणाली, "इथं एक मात्रा जास्त होतेय का हो?"

"जास्त कसली? तेवढीच आहे ती. तुझ्या आईला गिरकी पुरी करायला वेळ लागायचा, म्हणून मी थांबायचो."

"काय म्हणालात?" स्वयंपाकघरातून आवाज आला. "अहो, गज फिरवताना तुमचीच तारांबळ उडायची! मी आपली एका पायावर ताटकळत उभी."

"अगं, सगळा हॉल तुझ्यासाठी थांबायचा."

"तुमच्यासाठी!"

सुईदोरा घेऊन आई बाहेर आलीच. गुडघे धरत बाबांशेजारच्या खुर्चीत बसली. "आणा तो हात. शनिवारी लोक म्हणतील, बायकोला बटणसुद्धा लावता येत नाही."

"आई, राहू दे ना ते—"

"का गं?"

काय सांगणार? की गेला तासभर मी बाबांकडे नाही, त्या बटणाकडे कान लावून बसलेय म्हणून? आईनं दोरा दातानं तोडला. बाबांनी बाही झटकून पाहिली, व्हायोलिन उचललं.

गिरकी आली. त्या जादा मात्रेवर आधीची कॉर्ड ओढून पाहिली होती, लोंबत होती. पुढची आधी आणली, तर ढकलल्यासारखी. या वेळी तिनं तळवा तारांवर ठेवला आणि गिटार गप्प केली. टक् झालं नाही. मी मोजत नव्हते. बाबांची नजर आईकडे होती, आईचा न बघितल्यासारखा चेहरा गजाकडे, आणि तिचं पाऊल जमिनीपासून बोटभर उचललेलं, दुखऱ्या गुडघ्यासकट... दोघंही एकमेकांसाठी थांबली होती, आणि मी दोघांसाठी.

पाऊल टेकलं, गज उतरला, कॉर्ड पडली. आधी कोण, देव जाणे. हे दोघं भांडत बसतील जन्मभर. आणि मग एक दिवस भांडायला एकच जण उरेल—तेव्हा ही मात्रा केवढी लांब होईल? तिचा हात तसाच तारांवर होता.

"पुन्हा?" बाबांनी विचारलं.

"थांबा हो जरा," ती म्हणाली. तिला आता मुळीच घाई नव्हती.