मुळावरची गुलाबी गाठ

मी एक जुनी गाठ आहे, मित्रांनो. दोरीची नाही आणि पदराची तर नाहीच नाही. भिवापूरच्या एका शेतात सोयाबीनच्या मुळाला चिकटलेली, ज्वारीच्या दाण्याहून थोडी मोठी अशी मी. माझं वय सांगितलं तर तुम्ही हसाल, कारण मी याच पावसाळ्यात जन्मले. पण आमच्यात एवढं जगलेली म्हातारीच समजली जाते, तेव्हा जरा मान देऊन ऐका.

हे शेत खरं तर मिरचीचं. अनुसयाबाई लग्न होऊन आल्या तेव्हापासून इथे मिरचीच पाहत आल्या. यंदा त्यांच्या सुनेनं, प्रणालीनं, हट्ट धरला की अर्ध्या शेतात सोयाबीन पेरू, जमिनीला तेवढाच आराम. या मातीत सोयाबीन कधी झालं नव्हतं. म्हणून तिनं जिवाणूंचं पाकीट आणलं, ते गुळाच्या पाण्यात कालवून बियाण्याला हलक्या हातानं चोळलं आणि बियाणं सावलीत सुकवलं. उन्हात टाकलं असतं तर ते जिवाणू तिथेच मेले असते आणि मी तुमच्याशी बोलत नसते. पुढे तेच जिवाणू कोवळ्या मुळात शिरले. मुळानं त्यांच्यासाठी एक घर बांधलं. ते घर म्हणजे मी.

आता माझं काम सांगते. हवेत नत्र भरपूर असतो, पण झाडाला तो तसाच घेता येत नाही. माझ्या पोटातले जिवाणू तो झाडाला पचेल असा करून देतात. त्या बदल्यात झाड पानांत तयार केलेली साखर खाली धाडतं. काम जोरात चाललं की माझं पोट आतून गुलाबी होतं. सुरुवातीचे दिवस फार सुखाचे होते. येणारेजाणारे बांधावर थांबून हिरव्यागार पानांचं कौतुक करायचे आणि मी खाली मनातल्या मनात म्हणायचे, करा करा, पानांचंच करा!

मग पावसानं दडी मारली. काळी माती भेगाळली. झाडानं पाणी वाचवायला पानांवरची बारीक तोंडं मिटून घेतली, त्यामुळे साखर कमी पडली. माझी साल आवळली आणि हवा आत येईना. झाड वर उभंच होतं, पण माझं काम बंद पडलं होतं. मित्रांनो, कोरड्या दिवसांचा पहिला फटका आम्हालाच बसतो आणि तो कुणाला दिसत नाही. वरच्या मातीतल्या माझ्या बहिणी सुरकुतून गेल्या. मी जरा खोल, ओलीत होते, म्हणून तग धरून राहिले. पण पानं पिवळी पडू लागली तेव्हा माझाही धीर सुटला.

एका सकाळी अनुसयाबाईंनी आमच्या ओळीतलं एक झाड उपटलं. मुळं पाहून त्यांनी ते झाड हातभर दूर धरलं. कधीकाळी त्यांच्या मिरचीच्या मुळांना अशाच गाठी आल्या होत्या आणि सगळं पीक जाळावं लागलं होतं.

"हेमराज, हे पाय गा!" त्यांनी मुलाला हाक मारली. "गाठीच गाठी! मिरचीचीच बीमारी हाय हे. सारं उपटा अन् जाळून टाका. नाई तं बाजूची मिरचीबी जाईन."

हेमराज वाकला आणि त्यानं उपटायला सुरुवातही केली. तेवढ्यात प्रणाली धावत आली.

"थांबा ना आई! ह्या गाठी सोयाबीनले राहतेच. बीमारीत मूळच फुगते, गाठ निघत नाई. हे पाहा, चोळली तं सुटून आली."

"मंग झाडं पिवळे काहून पडून राहिले?"

प्रणालीनं ती गाठ नखानं फोडली. "आतून गुलाबी पाहिजे," ती म्हणाली. पण आत नुसता राखाडी रंग होता. हेमराजनं पुढच्या झाडाला हात घातला. ते झाड माझं होतं.

"एक डाव खोल पाहू द्या," म्हणत प्रणालीनं खुरपं घेतलं आणि माझ्या मुळाशी माती उकरली. तिची बोटं मला घासून गेली आणि माझ्या शेजारच्या बहिणीला घेऊन वर आली. तिचं जाणं मी अजून विसरले नाही. नख लागलं, ती उघडली. आत फिकट, पण गुलाबीच रंग होता!

"जित्ती हाय आई! तहानेनं काम बंद हाय तिचं. पाणी भेटलं का पुन्हा कामाले लागन."

अनुसयाबाईंनी ती अर्धी गाठ तळहातावर घेतली आणि उन्हात धरून पाहिली. विहिरीत पाणी बेताचं होतं आणि आज पाळी मिरचीची होती. मिरचीही तहानलेलीच होती. त्यांनी मिरचीकडे एकदा पाहिलं.

"हेमराज, आजची मिरचीची पाळी राहू दे गा. पाईप इकडं फिरव."

हुश्श! दुसरा शब्द नाही, मित्रांनो. पाणी झिरपत माझ्यापर्यंत आलं आणि माझी साल सैल झाली. पानांची तोंडं उघडली, साखर खाली येऊ लागली, माझं पोट पुन्हा गुलाबी झालं. शेजारच्या मुळांवर चिमुकल्या नव्या गाठीही फुटल्या. पुढे पाऊसही परतला आणि मिरचीही वाचली.

आता शेंगा वाळल्या आहेत. मीही तपकिरी, मऊ पडले आहे. काल कापणीला आलेल्या बायजाबाई झाडं सरळ उपटू लागल्या. तोच अनुसयाबाई बांधावरून ओरडल्या, "उपटू नोको वं बायजा, इळ्यानं काप! मुळं मातीतच राहू दे. पुढच्या साली इथं मिरची लावतो मी. तिच्या कामी येतीन ह्या गाठी."

जाळायला निघालेली माणसंच असं बोलली, की आणखी काय हवं? मित्रांनो, तुमच्या शेतात पीक पिवळं दिसलं तर उपटायची घाई करू नका. आधी मुळाशी जा, एखादी गाठ फोडून आतला रंग पाहा, आणि ती तहानलेली असेल तर तिला पाणी द्या.

मी आता या मातीत विरून जाईन. पुढच्या वर्षी माझ्या जागी मिरची लालभडक होईल. येणारेजाणारे बांधावर थांबून तिच्या रंगाचं कौतुक करतील. करा करा, मिरचीचंच करा!