नोंदणी चालू आहे

डॉक्टरांच्या नोंदणी कार्यालयात मी दरवर्षी एकदा फोन करते. डॉक्टरचं नाव आणि नोंदणी क्रमांक सांगते आणि विचारते, हा माणूस खरंच प्लास्टिक सर्जन आहे का?

तिथली कारकून मुलगी भलतीच चिकाटीची. दरवर्षी पहिल्यापासून समजावते. पाटीवर काय, कुणीही काहीही रंगवतं. नुसती डॉक्टरकीची पदवी पुरत नाही, प्लास्टिक सर्जरीचं वेगळं शिक्षण लागतं आणि वर त्या विषयाच्या तज्ज्ञांच्या बोर्डाची परीक्षा. मला एव्हाना सगळं तोंडपाठ झालंय. पहिली तीन वर्षं ती "अजून नाही" म्हणायची. माझा मुलगा ती बोर्डाची परीक्षा पास झाला, हे मला तिच्याकडूनच कळलं.

त्यानं हा विषय निवडला तेव्हा मी म्हणाले होते, श्रीमंतांची नाकं सरळ करायला शिकवलं का तुला? तो बॅग भरून गेला. नऊ वर्षं झाली. जीभ माझी पहिल्यापासून तिखट, आणि आता घरात ती चालवायलाही कुणी नाही.

यंदा जीव टांगणीला लागला होता. त्याच्या नोंदणीची मुदत गेल्या महिन्यात संपत होती. त्यानं ती वाढवली नसेल तर? आजारी असेल, की त्याहून वाईट काही? मुलीनं कॉम्प्युटरवर पाहिलं आणि नोंदणी चालू आहे म्हणाली.

मग तिनं नेहमीसारखं चौकशीचं कारण विचारलं. मी नेहमीचंच सांगितलं, हातावरचा भाजल्याचा डाग. डाग खरा आहे. चार वर्षांचा असताना त्यानं उकळत्या पाण्याचं पातेलं ओढलं, तेव्हा मी हात मध्ये घातला होता.

मुलगी जरा घुटमळली. चौकशी कुणी केली आणि का, हे डॉक्टरांना कळवायचा नियम आहे म्हणाली. म्हणजे दरवर्षी माझं नाव त्याच्यापर्यंत पोचत होतं. खोटं नाव सांगावं असं मला कधी सुचलंच नव्हतं.

"मुदत वाढवायला ते स्वतः आले होते, आजी," ती म्हणाली. "विचारत होते, त्या बाईंचा डाग अजून दुखतो का. मी म्हटलं, मला कसं ठाऊक असणार?"

मी हाताकडे पाहिलं. डाग दुखायचा थांबून तीस वर्षं झाली असतील.

"त्यांना कळव," मी म्हणाले. "अजून दुखतो म्हणावं."